‘जेव्हा’ जरा बाजूला ठेवू

इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर ‘व्हेन’, ‘व्हाइल’ आणि ‘ॲज’ लिहिते, अर्थ विचारते. तिन्हींना उत्तर एकच येतं: जेव्हा. मुलांचं चुकत नाही. शब्दार्थांच्या वहीत त्यांना तेवढंच उतरवून दिलेलं असतं.

पण घरात बोलताना आपण ‘जेव्हा’ म्हणतो तरी किती? ‘भाजी चिरताना बोट कापलं.’ ‘पोचल्यावर फोन कर.’ ‘दिवस वर येत गेला तसतसं ऊन तापलं.’ वेळेचं सगळं बारीक काम मराठी क्रियापदाच्या शेवटाकडे सोपवते, आणि इंग्रजी शब्दाची निवड तिथूनच सापडते. ‘चिरताना’मध्ये काम चालू आहे, त्याला लांबी आहे; तिथे ‘व्हाइल’ शोभतो. ‘पोचल्यावर’ हा एक क्षण, म्हणून ‘व्हेन’. दोन गोष्टी बरोबरीनं वाढत असतील, तर ‘ॲज’. एक अपवाद मात्र जपायला हवा: ‘मी लहान असताना’. काळ लांब असला तरी आयुष्यातल्या अशा टप्प्याला इंग्रजी ‘व्हेन’च लावते.

भविष्याचंही तसंच. ‘जेव्हा तो येईल, तेव्हा सांगते’ असं मनात जुळवलं की कागदावर ‘व्हेन ही विल कम’ उतरतं, आणि ते चूक. त्याऐवजी ‘तो आला की सांगते’ म्हणून पाहा. येणार उद्या, रूप मात्र ‘आला’! आपणही इथे भविष्यकाळ टाळतोच. इंग्रजी वर्तमानकाळ घेते: ‘व्हेन ही कम्स’. ‘तो कधी येईल, ठाऊक नाही’ यातला ‘व्हेन’ वेगळा. तो ‘कधी’ विचारतो, म्हणून तिथे ‘विल’ चालतं.

सगळ्यात जास्त अडवतं ते ‘पर्यंत’. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यातला ‘नाही’ इंग्रजीत नेऊ नका. ‘अनटिल ही कम्स’ एवढंच पुरे. आणि ही दोन वाक्यं ऐका: ‘पाचपर्यंत थांबा’, ‘पाचपर्यंत अर्ज द्या’. पहिल्यात पाच वाजेतो हलायचं नाही, म्हणून ‘अनटिल’. दुसऱ्यात तीनलाच अर्ज देऊन घरी गेलात तरी चालतं, तिथे ‘बाय’. आणि ‘मी फलाटावर पोचेपर्यंत गाडी सुटली होती’ म्हणायचं असेल, तर ‘बाय द टाइम’. तिथे ‘अनटिल’ घातलं, तर तुम्ही पोचेस्तोवर गाडी सुटतच राहील.