म्हातारपण आणि गोळ्यांचा डबा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे आपण ऐकतो. यंदा ही कामगिरी माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शाळामास्तराकडे आली आहे, आणि विषय तर वैद्यकाचा! मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. परंतु जन्मभर वर्गात उभे राहून मुलांना मी एक गोष्ट निष्ठेने शिकविली, ती ही की, कारण विचारल्यावाचून उत्तर मान्य करू नये. तीच गोष्ट मी स्वतःच्या घरात विसरलो. त्याचा परिणाम काय झाला, तो प्रथम सांगतो.

माझे थोरले बंधू, आम्हा सर्वांचे दादा, आज ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्या औषधांचे खाते माझ्याकडे असे. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे असलेला डबा मी आणला होता, प्रत्येक कप्प्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती, आणि एकही गोळी कधी चुकली नाही याचा मला मोठा अभिमान वाटे. प्रारंभी रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची एक गोळी होती. काही महिन्यांनी दादांच्या पायांवर सूज दिसू लागली. ते तेव्हा मुलाकडे परगावी होते. तेथील डॉक्टरांनी सूज उतरण्यासाठी लघवी वाढविणारी गोळी दिली. मग रात्री तीनतीनदा उठावे लागू लागले आणि झोपेचे खोबरे झाले. तिसऱ्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गुडघे दुखत, म्हणून वेदनाशामक गोळी तर मीच दुकानातून आणीत असे. पित्तासाठी एक, शक्तीसाठी दोन, अशी भर पडत पडत डब्यात सात गोळ्या झाल्या.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री दादा अर्धवट झोपेत उठले, मोरीच्या उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी तो डबा हातात घेतला आणि मला विचारले, "काका, यातली कोणती गोळी कशासाठी, ते सांगता का?" मी सातांपैकी चारांचे कारण सांगू शकलो. उरलेल्या तिघींपुढे मी नापास झालो. त्यांनीच मग उलगडा केला. पायांची सूज हा निराळा रोग नव्हता, तो अम्लोडिपिनचाच ठाऊक असलेला दुष्परिणाम होता. एका गोळीच्या परिणामाला रोग समजून दुसरी दिली गेली, दुसरीच्या परिणामापायी तिसरी आली, आणि तिसरीच्या गुंगीत दादा पडले. यात दोष कोणाचा? प्रत्येक डॉक्टरांनी आपल्यासमोर दिसले त्यावर औषध दिले. सबंध डबा कोणालाच दिसला नाही, कारण तो मी कोणाला दाखविलाच नाही. दादा आता काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालतात. पूर्वी ते रोज एकटे देवळापर्यंत जाऊन येत.

बंधुभगिनींनो, वार्धक्यात शरीराचा कारभार बदलतो. मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची शक्ती वयाबरोबर घटते, म्हणून पुष्कळशी औषधे शरीराबाहेर पडण्यास विलंब लागतो. अंगातील पाण्याचे प्रमाण कमी होते, चरबीचे वाढते. डायझेपामसारखे औषध चरबीत मुरते व तरुणापेक्षा वृद्धाच्या देहात कितीतरी अधिक काळ रेंगाळते. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही, आणि घरची मंडळी म्हणतात, "आजोबांना हल्ली विस्मरण होते." गुडघ्यांसाठी आपण सहज घेतो त्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना बाधतात आणि रक्तदाबही चढवितात. म्हणजे एका हाताने दाब उतरवावा आणि दुसऱ्या हाताने चढवावा, असा प्रकार होतो.

ही शंका केवळ माझी नव्हे. अमेरिकेतील मार्क बिअर्स या वृद्धचिकित्सकांनी १९९१ साली आपल्या सहकाऱ्यांसह शुश्रूषागृहांतील वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी सिद्ध केली. त्या यादीत वेळोवेळी सुधारणा होत गेली, आणि २०२३ साली तेथील वृद्धचिकित्सकांच्या संस्थेने ती पुन्हा नव्याने प्रसिद्ध केली. एकाच वेळी पाच किंवा अधिक औषधे चालू असणे यास वैद्यकात 'पॉलीफार्मसी' असे नावच पडले आहे.

आता ॲस्पिरिनचे पाहा. हृदयाला बरी म्हणून ती रोज घेणारे आपल्यात काही थोडे नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील १९,११४ धडधाकट वृद्धांवर याची कसोटी घेण्यात आली. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. सुमारे पाच वर्षांनी, २०१८ साली, निष्कर्ष बाहेर आला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांचे निरोगी आयुष्य वाढले नव्हते. मात्र गंभीर रक्तस्राव त्यांच्यात शेकडा ३.८ जणांना झाला, तर इतरांत शेकडा २.८ जणांना. हे ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात पूर्वी झालेला नाही त्यांच्याविषयी आहे, हे कृपा करून ध्यानात ठेवावे. ज्यांना तो होऊन गेला आहे, त्यांचा विचार निराळा.

तथापि माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. म्हातारपणी औषधच नको, असे मी म्हणत नाही. रक्तदाब पुष्कळ वाढलेल्या, ८० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ३,८४५ माणसांवर युरोप, चीन आदी देशांत असाच एक प्रयोग झाला. २००८ साली त्याचे फळ दिसले, ते असे की, औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २१ने कमी झाले. तात्पर्य, योग्य गोळी ऐंशीव्या वर्षीही प्राण राखते. आपला कटाक्ष कारण संपूनही चालू राहणाऱ्या गोळीवर असावा.

अशा गोळ्या का चालू राहतात? त्यात आपलाही वाटा आहे. जो डॉक्टर चार औषधे लिहून देत नाही त्याची फी आपणांस व्यर्थ वाटते. आठ दिवसांसाठी दिलेली गोळी आपण आठ वर्षे आणीत राहतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या औषधाचे नाव टिपून घेतो. परदेशी असलेली मुले प्रेमापोटी शक्तीच्या बाटल्या पाठवितात आणि आपण प्रेमापोटी त्या संपवितो. वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसण्यास सवड नसली, म्हणजे वेळेवर गोळी दिल्याने आपले कर्तव्य झाले, असे आपण मानतो. मीही तेच मानीत होतो.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. वर्षातून एकदा तरी घरातील सर्व औषधे, काढे, चूर्णे व शक्तीच्या गोळ्यांसुद्धा, एका पिशवीत भरून एकाच विश्वासू डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि प्रत्येकीविषयी नम्रपणे विचारावे: ही कशासाठी? अजून लागते का? मात्रा कमी करता येईल का? नवी तक्रार उद्भवली, तर ती जुन्या औषधापासून तर नाही ना, हे आधी विचारावे. मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. झोपेच्या, हृदयाच्या काही गोळ्या व स्टिरॉइड एकदम थांबविल्यास आगीतून फुफाट्यात पडण्याची पाळी येते. कमी करायचे तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

कार्यकारी मंडळासही एक सूचना आहे. आपल्या ज्ञातीत आज डॉक्टर मंडळी पुष्कळ आहेत. पुढील संमेलनाच्या दिवशी त्यांनी दोन तास द्यावेत आणि ज्येष्ठ सभासदांनी आपापली पिशवी घेऊन त्यांच्यापुढे बसावे. शाल व श्रीफळ देऊन आपण वृद्धांचा सत्कार करतो, तो जरूर करावा. परंतु एखाद्या आजोबांची एक अनावश्यक गोळी सुटली व त्यांचे एक पडणे टळले, तर तो सत्कार मला अधिक मोलाचा वाटेल.

दादांच्या डब्यात आता तीन गोळ्या आहेत. त्या तिन्हींचे कारण मला तोंडपाठ आहे. हा धडा मी फार उशिरा शिकलो, आपण तो आज घरी घेऊन जावा, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.