बोटभर रबर, गाडीभर माणसे

मोटारीचे चाक म्हटले की टायर डोळ्यांपुढे येतो, फार तर लोखंडी रिम येते. हवा भरताना जिचे टोपण काढले जाते त्या काळ्या नळीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये हा व्हॉल्व्ह थेट रिमच्या भोकात ओढून बसविलेला असतो. आत पितळेची नळी, तीत स्प्रिंगच्या जोरावर मिटणारी बारीक झडप आणि बाहेरून रबराचे वेष्टन, अशी त्याची घडण. न्यूयॉर्कच्या श्रेडर यांनी अशा झडपेचे पेटंट १८९३ साली घेतले, आणि आजही बहुतेक मोटारींची हवा त्याच तत्त्वावर कोंडलेली असते. सर्वाधिक प्रचारातील रबरी व्हॉल्व्ह टीआर ४१३ या क्रमांकाने ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे सव्वा इंच, आणि तो बसतो साडेअकरा मिलिमीटरच्या भोकात. रिम आणि पितळ यांच्या मधली फट बुजविण्याचे काम एकट्या त्या रबराचे असते. ते चिरले, तर टायर कितीही नवा असला तरी हवा राहत नाही.

नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो येथे, १९९८ सालच्या बांधणीच्या एका मोटारीचा मागचा टायर निकामी झाला. गाडी उलटली आणि चालक मृत्यू पावला. व्हॉल्व्हच्या बुडाशी गेलेल्या तड्यातून हवा निघून गेली होती, असे म्हणणे त्याच्या कुटुंबीयांनी न्यायालयात मांडले. हवा उतरलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो आणि अधिक तापतो. महामार्गाच्या वेगात हे तापमान इतके वाढते की टायरचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. हवेचा दाब उतरताच चालकाला इशारा देणारे यंत्र तेथे १ सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या सर्व नव्या हलक्या वाहनांना सक्तीचे झाले. जुन्या गाडीच्या चालकाला तो इशारा कोठून मिळणार?

आता हा तडा जातो कशाने? हवेत ओझोन नावाचा वायू अल्प प्रमाणात असतो. मोटारींच्या धुरावर ऊन पडले की तो जमिनीलगतही तयार होतो. नैसर्गिक रबराच्या रेणूंत जे दुहेरी बंध असतात त्यांवर हा वायू घाला घालतो. रबर सैल असेल तर फारसे बिघडत नाही. पण ते ताणलेले असेल तर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पडतात, आणि रोजच्या ताणाने त्या खोल जातात. व्हॉल्व्हचे बूड भोकात दाटून बसलेले असते, शिवाय चाक फिरू लागले की नळी बाहेरच्या बाजूस वाकते. म्हणजे ताण नेमका तेथेच. यावर उपाय म्हणून रबर मळतानाच त्यात ओझोनरोधक द्रव्य घालतात. २००६ च्या उत्तरार्धात शांघायमधील एका कारखान्यात तयार झालेल्या व्हॉल्व्हांमध्ये हे द्रव्य नीट मिसळले गेले नव्हते, असे कारण पुढे सांगण्यात आले. चूक झाली ती मिश्रणाच्या घाण्याशी, आणि तिचे फळ समुद्रापलीकडच्या रस्त्यावर भोगावे लागले.

अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने सदोष वाहन व सुटे भाग यांची चौकशी शासनाकडे सोपविली. १९७४ च्या दुरुस्तीने असा दोष उत्पादकाने विनामूल्य दूर करावा, असे बंधन घातले. हे काम राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन पाहते. चौकशी बहुधा सामान्य माणसाच्या तक्रारीतून सुरू होते. कोणाच्या चाकाची हवा दर आठवड्यास उतरते, कोणाला दुकानदार तडकलेला व्हॉल्व्ह दाखवितो. सुटी तक्रार क्षुल्लक वाटते. शंभर ठिकाणच्या तक्रारी एका टेबलावर आल्या म्हणजे त्यांतून एकच कारखाना आणि एकच हंगाम दिसू लागतो. आधी प्राथमिक तपासणी, मग अभियांत्रिकी परीक्षण, आणि दोष ठरल्यास माल परत बोलाविणे, हा क्रम असतो. २००८ साली या व्हॉल्व्हांची चौकशी सुरू झाली, आणि त्याच वर्षी एका वितरक कंपनीने आपले सुमारे ६० लाख व्हॉल्व्ह परत बोलाविले.

पण परत बोलाविणे एक आणि परत येणे दुसरे. मोटारीला नोंदणी क्रमांक असतो. अमेरिकेत टायरलाही ओळखक्रमांक असतो, त्यातील शेवटचे चार आकडे बांधणीचा आठवडा व वर्ष सांगतात. व्हॉल्व्ह मात्र नवा टायर चढविताना दुकानदाराने डब्यातून काढून बसविलेला. कोणत्या डब्यातला व्हॉल्व्ह कोणाच्या चाकात गेला हे दुकानाच्या वहीत लिहिलेले असेल तरच कळणार. मधल्या काळात गाडी विकली गेलेली असते, मालकाने गाव बदललेले असते. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि व्हॉल्व्ह रस्त्याने धावत असतो.

भारतातही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. अधिकार हवाच, तथापि कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही तेथे डोळ्यांनी पोहोचावे लागते. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवा घालून घ्यावा. हवा भरताना नळी बोटाने हलकेच वाकवून तिच्या बुडाशी पाहावे. चिरा असतील तर त्या वाकविल्यावर उघडतात. शंका आल्यास साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे उठले तर व्हॉल्व्ह बदलल्याखेरीज गाडी लांबच्या प्रवासास काढू नये. आणि तडकलेला व्हॉल्व्ह निघालाच, तर तो फेकून न देता तक्रारीसह योग्य ठिकाणी कळवावा. ती एक तक्रार दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतील माणसांना सुखरूप घरी पोहोचविण्याच्या कामी येते.