मोबाईलवरचे ज्ञान आणि शाळेतला शिक्षक
(नागपूर येथे पालक व कार्यकर्त्यांच्या सभेत केलेले भाषण)



तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, असे ध्यानात आले की आईबाप प्रथम शेजाऱ्यांना विचारतात आणि मग मोबाईल उघडतात. नागपुरात या कार्याची परंपरा आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली सुरू केलेल्या मातृ सेवा संघाने पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळाही चालविली. परंतु एका संस्थेचे हात किती घरांपर्यंत पोचणार? म्हणून पालक पडद्याकडे वळतात, आणि तेथे त्यांना प्रथम भेटतात ते मूल सहा महिन्यांत 'बरे' करून देणारे व्यापारी. स्वमग्नता हा औषधाने उतरणारा ताप नव्हे. पण चिंतेने ग्रासलेल्या माणसाची फसवणूक सोपी असते.

खरे साहित्यही तेथेच आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा चित्रफीत-कोश २०२१ साली खुला झाला. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी पुस्तिका काढल्या आहेत. उपचारक वा विशेष शिक्षक नोंदणीकृत आहे की नाही, हे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. पैसे देण्यापूर्वी ते पाहिलेच पाहिजे. हे सारे जनतेच्या पैशातून उभे राहिले आहे. मात्र बरेचसे इंग्रजीत वा हिंदीत आहे. धुणीभांडी करून सायंकाळी घरी येणाऱ्या आईला त्याचा काय उपयोग? हे ज्ञान सोप्या मराठीत मिळणे हा तिचा हक्क आहे.

दुसरा धोका याहून मोठा आहे. 'माहिती मोबाईलवर आहे' असे म्हणून शासनाने आपली जबाबदारी आईच्या पदरात टाकता कामा नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. तरीही मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला ही पदे निश्चित करून भरण्याचा आदेश राज्यांना पुन्हा द्यावा लागला. या काळात पहिलीतले मूल चौथीच्या वयाचे झाले. त्याची गेलेली वर्षे कोण परत देणार?

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. आठवड्यातून एक सायंकाळ शाखेत पालकांना बोलवावे, विश्वसनीय साहित्य त्यांच्याबरोबर मराठीत वाचावे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्यावा. आणि आपल्या प्रभागातील प्रत्येक शाळेत विशेष शिक्षक आहे काय, याची यादी करून ती महानगरपालिकेपुढे व जिल्हा परिषदेपुढे ठेवावी. उत्तर येईपर्यंत पुन:पुन्हा ठेवावी. पालक एकेकटे गेले तर त्यांना उद्या या म्हणून परत पाठविले जाते. पन्नास पालक एकत्र गेले, तर अधिकाऱ्याला बसून ऐकावे लागते.