ज्याचे बोट, त्याचा कौल



आंधळ्याच्या हातावर पैसा ठेवला की धर्म घडला, असे आपण मानतो. पण त्याला काय हवे, हे कधी विचारले?

1868 साली लंडनमध्ये टॉमस आर्मिटेज यांनी अंधांच्या शिक्षणासाठी एक मंडळ काढले. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांना डॉक्टरकी सोडावी लागली होती. त्या काळी इंग्लंडात उठावाच्या अनेक लिप्या होत्या; एकीतले पुस्तक दुसरी शिकलेल्याला वाचता येत नसे. काही तर डोळसांच्या सोयीने घडवलेल्या! आर्मिटेज यांनी निवाडा सोपवला तो बोटांनी वाचणाऱ्या अंधांवरच. त्यांनी कौल दिला लुई ब्रेल या अंध फ्रेंच शिक्षकाच्या लिपीला. आपली भारती ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर उभी आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. अंधशाळेला आम्ही धान्य देतो, कर्णबधिर मुलांना वाढदिवसाचे जेवण घालतो. ते चांगलेच आहे. पण अशा संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर अंध किती, बधिर किती? बैठकीला खुणांच्या भाषेचा दुभाषी असतो काय? जमाखर्च ब्रेलमध्ये वाचायला मिळतो काय? इतकी वर्षे वर्गणी देऊनही आम्ही हे कधी विचारले नाही, अशी कबुली दिली पाहिजे.

वर्गणी द्यावीच. पण यापुढे पावती हाती घेताना एवढे जरूर विचारावे.