रस्त्यावरून घर हेरताना

अमेरिकेत गुंतवणुकीसाठी घर शोधणारे लोक मोटार घेऊन जुन्या वस्त्यांमधून सावकाश फिरतात. याला तिकडे ‘ड्रायव्हिंग फॉर डॉलर्स’ म्हणतात. गुडघाभर गवत, टपालपेटीत कोंबलेली पत्रं, छपरावर निळी ताडपत्री, दाराला चिकटवलेली नगरपालिकेची नोटीस दिसली, की समजायचं, या घराकडे बघायला कुणी नाही. असं घर बहुधा बाजारात आलेलं नसतं. मालकालाच गाठावं लागतं.

पूर्वी पत्ता वहीत टिपून काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कचेरीत दप्तर धुंडाळावं लागे. आता ते काम ॲप करतं. ‘डीलमशीन’ खास रस्त्यासाठी बनलेलं आहे. नकाशावर घराला बोट लावलं, की मालकाचं नाव आणि टपालाचा पत्ता समोर येतो. कोणत्या गल्ल्या फिरून झाल्या याची नोंद राहते, तिथूनच पोस्टकार्डही धाडता येतं. ‘प्रॉपस्ट्रीम’ रस्त्यातही चालतं, पण त्याचं बळ माहितीसाठ्यात आहे. घरावर कर्ज किती असावं, मालक दुसरीकडे राहतो का, आसपासची घरं कितीला गेली, हे घरी बसून निवांत पाहता येतं. ज्याला रोज फिरायचं आहे त्याने पहिलं घ्यावं. ज्याला आधी हिशेब मांडायचा आहे त्याने दुसरं.

मात्र दोन्हींची बरीचशी माहिती मुळात सरकारी नोंदींतूनच येते, आणि ती शिळी असू शकते. टेक्सासमध्ये तर विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्तीच नाही, म्हणून तिथला भाव अंदाजाने धरावा. ॲपमधून मिळणारे फोन नंबरही अनेकदा जुने निघतात. शिवाय ‘डू नॉट कॉल’, म्हणजे विक्रीचे फोन नकोत असं नोंदवलेल्यांच्या यादीतल्या माणसाला फोन करणं अंगाशी येऊ शकतं. तेव्हा पत्र धाडण्याआधी काउंटीच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव पडताळून घ्या. बहुतेक ठिकाणी ते फुकट पाहता येतं. आणि फोनला हात लावण्याआधी गाडी कडेला घ्या.

शेवटचं सांगणं कळकळीचं आहे. वाढलेल्या गवतामागे कुणाचं आजारपण असतं, कुणाचा मृत्यू, कुठे वारसांचा तंटा. ॲपला ते दिसत नाही, तुम्हाला दिसायला हवं. पत्रात आपण कोण आणि काय देऊ शकतो, ते सरळ लिहा. मालक ‘नाही’ म्हणाला, तर त्याचं नाव यादीतून त्याच दिवशी काढा.