आशा ते परिचारिका : निसटलेली पायरी

आरोग्यसेवेतील रोजगार म्हटला की प्रथम डॉक्टर आठवतो. मनुष्यबळाची मोठी गरज मात्र रुग्णाच्या उशाशी आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे ओलांडलेले नागरिक १० कोटींहून अधिक होते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला औषधाइतकीच नित्य शुश्रूषा लागते.

तिच्या प्रशिक्षणाच्या वाटा ठरलेल्या आहेत. सहायक परिचारिका प्रसाविका (एएनएम) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, तर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नव्या शासकीय परिचर्या महाविद्यालयांना मंजुरी दिली. भौतिकोपचार, क्ष-किरण, प्रयोगशाळा आदी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

खरा प्रश्न आशा कार्यकर्तीचा आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ पासून साधारण हजार लोकसंख्येमागे एक, या प्रमाणात तिची निवड होऊ लागली. गरोदर मातेला रुग्णालयात पोहोचविणारी, नवजात बालकाच्या घरी जाणारी ही स्त्री योजनेच्या परिभाषेत स्वयंसेविकाच. तिला वेतन नाही, कामानुसार मोबदला मिळतो. अनुभव दांडगा, पण वर चढायला शिडी अपुरी. मूळ निकषांत तिच्यासाठी आठवीपर्यंतचे शिक्षण पुरेसे होते. एएनएमच्या प्रवेशाला बारावी लागते. मधली चार वर्षे मुक्त विद्यालयातून भरून काढता येतात. काही राज्यांनी अशा प्रवेशात आशांना प्राधान्यही दिले. मात्र पूर्णवेळ शिकायला बसलेल्या आशेचे घरभेटींचे काम थांबते, आणि कामाबरोबर मोबदलाही. त्या दोन वर्षांत तिची चूल कशी पेटावी, याची तरतूद प्रवेशाच्या नियमांत नसते.