मशीन घेण्याआधी काम कुठे तुंबतं ते बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)



दिवाळीची ऑर्डर जवळ आली की गटांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, दुसऱ्या मशीनसाठी कर्ज मिळेल का?" मिळेलही. पण मशीन आली आणि माल वाढला नाही, तरी हप्ता दर महिन्याला भरावाच लागणार. म्हणून आज कर्जाच्या आधीचं बोलू.

नाचणीचे पापड घ्या. उकड काढणे, गोळे, मशीनवर दाबणे, वाळवणे, पॅकिंग अशी कामं. समजा, दिवसाला ४० किलो पिठाची उकड निघते, मशीनवर ३० किलोचं काम होतं, पॅकिंग २५ किलोचं होतं. पण वाळवायची जागा १५ किलोपुरतीच. मग रोज तयार माल किती? पंधराच किलोचा! इथे दुसरी मशीन आणली तर ओल्या पापडांचा ढीग वाढेल आणि बुरशी धरेल. मोटर केवढीही बसवा, पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर हंडा सावकाशच भरतो.

इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल' हे पुस्तक १९८४ साली आलं. त्यात मोठ्या कारखान्यासाठी हेच सांगितलंय. त्यांची पद्धत आपल्या शेडमध्येही चालते.

१. अडलेली जागा शोधा. जिच्या अलीकडे माल साचतो आणि पलीकडच्या बाया रिकाम्या बसतात, ती जागा.

२. आधी पैसे न घालता तिचा पुरेपूर वापर करा. ऊन आलं की पापड पडले पाहिजेत, म्हणून उकड पहाटेच काढा. फाटके, जाड पापड वाळत घालण्याआधीच बाजूला करा. उलटायला आणि उचलायला एक जण ठरवून ठेवा.

३. बाकी कामं तिच्या चालीने चालवा. वाळेल तेवढीच उकड काढा. रिकामे हात वाळवणाकडे वळवा.

४. तरीही पुरत नसेल, तर खर्च करा, पण तिथेच. ट्रे, मांडणी, सोलर ड्रायर बघा. नाहीतर जागा वाटून घ्या. लिज्जत पापड १९५९ साली मुंबईत सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे पीठ केंद्रावर मळतात; बहिणी ते घरी नेऊन लाटतात, वाळवतात आणि पापड परत आणून देतात. म्हणजे घरोघरी वाळवणाची जागा झाली.

५. पुन्हा बघा. वाळवण ३० किलोवर गेलं की काम पॅकिंगला, २५ वर अडेल. अडलेली जागा सरकत राहते.

आणि एक सांगते. कधीकधी काम एखाद्या ताईपाशी अडतं. बिलं, फोन, बँक सगळं सचिवताईंच्याच गळ्यात असतं, आणि उशीर झाला की बोलणी त्यांनाच बसतात. असं करू नका. ताई हळू नाहीत, त्यांच्यावर ओझं जास्त आहे. त्यातलं एक काम दुसरीने शिकून घ्या.

आता घरचा अभ्यास. आठ दिवस रोज संध्याकाळी, प्रत्येक काम किती किलोचं झालं ते वहीत लिहा. सगळ्यात लहान आकड्याभोवती गोल करा. पुढच्या सभेला ती वही घेऊन या. कर्जाचा अर्ज आपण ती वही समोर ठेवूनच भरू.